अर्धाच पोचणारा आवाज : भांडुपच्या एका सव्वादोन वर्षांच्या मुलाचं प्रकरण

प्लेग्रुपच्या बाईंनी दिलेल्या चिठ्ठीत चार तक्रारी होत्या. मुलगा इतर मुलांना चावतो, हाक मारली तरी बघत नाही, गोलात बसत नाही आणि मनासारखं झालं नाही की जमिनीवर लोळून किंचाळतो. खाली एक ओळ होती : 'ऑटिझमची तपासणी करून घ्यावी.' आईवडील ती चिठ्ठी घेऊन बालविकासतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी त्याच चिठ्ठीवर 'आधी कान' असं लिहून मुलाला माझ्याकडे पाठवलं. मी वाचा-श्रवण तज्ज्ञ आहे. अशी चिठ्ठी घेऊन येणाऱ्या मुलांमध्ये कानाकडे सगळ्यात शेवटी बघितलं गेलेली मुलं मला फार दिसतात, म्हणून हे एक प्रकरण सविस्तर मांडते आहे. पालकांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरी त्याला छोटू म्हणतात, मीही तेच नाव ठेवते.

घर भांडुपला, डोंगराच्या बाजूला. एक खोली, वर पोटमाळा. वडील टेम्पो चालवतात. आई घरातूनच पोळी-भाजीचे डबे देते, त्यामुळे सकाळी सहापासून कुकर, मिक्सर आणि एक्झॉस्ट फॅन चालू. आजी मूळच्या संगमेश्वराकडच्या, आता मुलाकडेच असतात. नातवाला दिवसभर त्याच सांभाळतात.

छोटू बोलत नाही हे घरात सगळ्यांना दिसत होतं, पण प्रत्येकाकडे त्याचं कारण तयार होतं. आजींच्या मते त्याचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते. त्यांनी मधात वेखंड उगाळून चाटवलं होतं, गावी देवाला कौलही लावला होता. आत्याच्या मते सगळा दोष मोबाइलचा. वडिलांना वाटायचं, पोरगं लाडानं बिघडलंय. आईला एकटीला मधूनमधून शंका यायची की याला ऐकू येत नसेल. पण ती शंका बोलून दाखवली की लगेच कोणीतरी पातेल्यावर चमचा आपटायचं, छोटू वळायचा आणि विषय संपायचा. "बघ, ऐकू येतंय. ऐकायचंच नाहीये त्याला."

पातेल्याची ही परीक्षा महाराष्ट्रातल्या घराघरांत होते आणि ती मुलांचं फार नुकसान करते. पातेल्याचा आवाज मोठा असतो. तो जवळून येतो, बऱ्याचदा मुलाला हात हललेला दिसतो, फरशीवर आदळलं तर पायांना हादराही जाणवतो. एवढ्यावरून त्या मुलाला बोलण्यातलं काय ऐकू येतं हे कळूच शकत नाही.

जन्मापासूनची हकीकत

आईनं प्लास्टिकच्या पिशवीतून सगळे कागद आणले होते. छोटू पस्तिसाव्या आठवड्यात जन्मला. वजन 1.9 किलो. कावीळ वाढली आणि जंतुसंसर्गही झाला म्हणून तो 9 दिवस नवजात अतिदक्षता विभागात होता. फोटोथेरपी झाली, रक्त बदलावं लागलं नाही. औषधांच्या यादीत अमिकासिन हे प्रतिजैविक होतं. डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या बाजूला, लसीकरणाच्या तक्त्याखाली, पेनानं लिहिलं होतं : 'सहा आठवड्यांनी श्रवण तपासणी.' ती कधी झालीच नाही. घरी जाताना कोणी ती ओळ वाचून दाखवली नव्हती, आणि लसीकरणाला गेल्यावर कोणी विचारलंही नव्हतं.

बाळाच्या श्रवणासाठी जगभर एक साधं वेळापत्रक मानलं जातं. पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, म्हणजे दोषाची शंका आहे का एवढंच बघणारी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की ज्यांचं निदान सहा महिन्यांच्या आत झालं त्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. अतिदक्षता विभागात पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळाला फक्त ओएई ही चाळणी, म्हणजे आतला कान परत पाठवतो तो बारीक आवाज टिपणारी तपासणी, पुरत नाही. बेरा लागते, म्हणजे आवाज आल्यावर मज्जातंतूतून मेंदूकडे जाणारे संकेत टिपणारी तपासणी. कारण ओएई कानाच्या आतल्या केसपेशींपर्यंतच तपासते. कावीळ जास्त झालेल्या काही बाळांत केसपेशी चांगल्या असतात आणि बिघाड पुढे, मज्जातंतूत असतो. तो ओएईत सुटून जातो.

बाकीच्या टप्प्यांचं थोडक्यात. मान, बसणं जरा उशिरा पण ठीक. चालला सतराव्या महिन्यात. जिन्यावर आणि अंधारात अजून अडखळतो. वर्षाचा असताना 'बाबाबा' करायचा, मग तेही कमी होत गेलं. सव्वादोन वर्षांचा असताना एकही स्पष्ट शब्द नव्हता.

खोलीत काय दिसलं

पहिल्या भेटीत मी यंत्रांना हात लावला नाही, त्याला खेळू दिलं. तो टोपलीतली खेळणी एकेक करून काढत होता. चावीची गाडी सापडली, चालवता येईना. तो आईकडे गेला, आई माझ्याशी बोलत होती. त्यानं दोन्ही हातांनी तिची हनुवटी धरून तिचा चेहरा आपल्याकडे फिरवला, डोळ्यांत बघितलं, मग गाडीकडे बोट दाखवलं आणि पुन्हा डोळ्यांत बघितलं.

थोड्या वेळानं त्याला खेळण्यातला फोन मिळाला. तो कानाला लावून तो खोलीत फेऱ्या मारू लागला. एक हात कमरेवर, भुवया ताणलेल्या, मधूनच मान डोलावत. वडील लाजून म्हणाले, "माझीच नक्कल करतो." नक्कल अगदी हुबेहूब होती, फक्त तोंडातून आवाज येत नव्हता. ओठ हलत होते, थांबत होते, परत हलत होते. फोनवर बोलणं म्हणजे ओठ हलवत फेऱ्या मारणं, एवढंच त्याच्यापर्यंत पोचलं होतं.

मग आईनं सहज सांगितलं की मोबाइलवर गाणी बघताना ती आवाज पूर्ण बंद करते, कारण डब्यांच्या ऑर्डरीचे फोन चालू असतात. छोटूला काही फरक पडत नाही. तो तितक्याच आनंदानं बघत राहतो. मी ते लिहून घेतलं. असे प्रश्न आपण विचारतच नाही : आवाज बंद केला तर मूल तक्रार करतं का? पाठीमागून, न दिसता, हळू बोललं तर? खाऊचं पाकीट दुसऱ्या खोलीत फोडलं तर?

आणखी एक गोष्ट घरच्यांना चक्रावून टाकणारी होती. 'छोटू' अशी हाक मारली तर कधी बघायचा, कधी नाही. पण शेजारच्या सोनूला त्याच्या आईनं जोरात हाक मारली तरी हा वळायचा. आजी म्हणायच्या, "स्वतःचं नाव कळत नाही आणि दुसऱ्याच्या नावाला धावतो." याचं उत्तर पुढे तपासणीत सापडलं.

तपासण्या

डाव्या कानात मळ होता, तो ईएनटी डॉक्टरांकडून काढून घेतला. टिम्पॅनोमेट्री दोन्हीकडे ठीक, म्हणजे पडद्यामागे पाणी नाही. ओएईत दोन्ही कानांतून प्रतिसाद नाही. मग बेरा आणि एएसएसआर (बेरासारखीच, पण प्रत्येक पट्टीचं ऐकणं वेगळं अंदाजणारी तपासणी), आणि त्यासाठी झोप हवी. बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, 1983 पासून वाचा-श्रवणाचं काम करणारी. तिथली वेळ मिळाली. मुलाला रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा आणि येताना झोपू देऊ नका, असं सांगणं सोपं असतं. भांडुपहून दादर, दादरला गाडी बदलून बांद्रा, पुढे रिक्षा. या प्रवासात कडेवरच्या सव्वादोन वर्षांच्या मुलाला जागं ठेवायचं काम त्या आईनं केलं. चेहऱ्यावर ओला रुमाल फिरवत आणली त्याला. गरज पडली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली झोपेचं औषध देतात, इथे त्याची वेळ आली नाही.

नंतर माझ्याकडे व्हीआरए केली, म्हणजे बक्षीस दाखवून घेतलेली ऐकण्याची तपासणी. आवाज आला की त्या बाजूच्या काळ्या काचेमागे दिवा लागतो आणि टाळ वाजवणारं माकड दिसतं. मूल पटकन शिकतं की आवाज आला की तिकडे बघायचं. सहा महिने ते अडीच वर्षांच्या मुलांसाठी ही तपासणी फार उपयोगाची आहे, कारण ती यंत्राच्या तारांवर न थांबता मुलाच्या स्वतःच्या प्रतिसादापर्यंत जाते. छोटू पहिल्या चार-पाच माकडांतच तयार झाला.

दोन्ही तपासण्यांचा मेळ बसला. आवाजाची पट्टी हर्ट्झमध्ये मोजतात, जोर डेसिबलमध्ये. प्रत्येक पट्टीत त्याला ऐकू येणारा सगळ्यात हळू आवाज असा होता : चांगल्या, म्हणजे उजव्या कानात 250 हर्ट्झला 40 डेसिबल, 500 ला 50, 1000 ला 65, 2000 ला 80 आणि 4000 ला 85. डावा कान थोडा आणखी कमी. आलेख डावीकडून उजवीकडे घसरत जाणारा.

हा उतार हेच सगळ्या गोंधळाचं मूळ होतं. हातभर अंतरावरून आपण नेहमीच्या आवाजात बोलतो ते साधारण 60 डेसिबल असतं. पण त्यातले सगळे ध्वनी सारखे नसतात. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस. स, श, छ, त, क यांची ओळख वरच्या पट्टीत असते आणि जोरही कमी. छोटूला जवळून, शांततेत माणूस बोलतोय हे कळायचं, काय बोलतोय ते नाही. 'छोटू'मधले ओ आणि ऊ त्याच्यापर्यंत पोचायचे, छ आणि ट नाहीत. 'सोनू'मधलेही तेच दोन स्वर. त्याच्या दृष्टीनं ती एकच हाक होती.

पालकांना मी हे शेजारच्या खोलीतल्या बोलण्याचं उदाहरण देऊन सांगितलं. भिंतीपलीकडे कोणी बोलतंय, रागावलंय का हसतंय हेही कळतं, पण शब्द एकही लागत नाही. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मी ओरडायचो तेव्हा त्याला फक्त मी रागावलोय एवढंच कळायचं."

कारणाबद्दल सावध राहायला हवं. अमिकासिनच्या गटातली औषधं आतल्या कानातल्या केसपेशींना इजा करू शकतात आणि ती इजा उंच पट्टीच्या बाजूनं सुरू होते. हा उतार त्याला साजेसा आहे. पण जन्मजात श्रवणदोषामागे जनुकीय कारणही नेहमीचं असतं, म्हणून ती तपासणी सुचवली. आणि त्या दिवसांत ते औषध जीव वाचवण्यासाठी दिलं गेलं होतं, हेही मी आईला स्पष्ट सांगितलं. ती मनातल्या मनात स्वतःला दोष देत होती, आणि दोष देण्यासारखं तिनं काहीच केलं नव्हतं.

ऑटिझमचं काय?

चिठ्ठीतला प्रश्न टाकाऊ नव्हता. एम-चॅट या ऑटिझमच्या चाळणी प्रश्नावलीत छोटूचे गुण काळजीच्या रेषेपलीकडे गेले होते. पण ती प्रश्नावली नीट वाचायला हवी. नावाला प्रतिसाद देतो का, खूण न करता सांगितलेलं कळतं का, असे प्रश्न त्यात आहेत. ज्याला ऐकू येत नाही तो तिथे अडणारच. त्याच प्रश्नावलीतला दुसराच प्रश्न आहे : मूल बहिरं असेल अशी शंका तुम्हाला कधी आली का? आईनं तिथे 'हो' म्हटलं होतं. त्या 'हो'चा पुढे कोणी पाठपुरावा केला असता तर सहा महिने वाचले असते.

छोटूच्या बाजूनं बरंच काही होतं. हनुवटी धरून चेहरा फिरवणं, वस्तू दाखवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघून खात्री करणं, बोट दाखवणं, फोनची नक्कल. ज्या मुलाला माणसांशी जोडून घ्यायचं असतं पण रस्ता सापडत नसतो, ते असं करतं. डीएएसआयआय या बालविकास मोजणाऱ्या चाचणीत शब्दांवर न चालणाऱ्या कामांत, म्हणजे ठोकळे रचणं, आकार बसवणं, लपवलेली वस्तू शोधणं यांत तो वयाच्या आसपास होता. शब्दांच्या कामांत तो वर्षभराहून जास्त मागे. सरासरी काढली असती तर हा फरक पुसला गेला असता आणि कागदावर 'विकास मंद' एवढंच राहिलं असतं.

तरीही डॉक्टरांनी आणि मी मिळून ऑटिझमचा प्रश्न बंद न करता सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं ठरवलं. काही मुलांत दोन्ही असतं. श्रवणदोष सापडला म्हणून बाकी सगळं त्याच्याच खात्यावर टाकणं हीसुद्धा घाईच. चालण्यातलं अडखळणं मात्र वेगळं नोंदवलं. आतल्या कानातच तोल सांभाळणारी यंत्रणा असते, आणि श्रवणदोष असलेल्या बऱ्याच मुलांत तीही कमजोर असते.

वागण्याची वही

चावणं थांबवायचं कसं, हा घरच्यांचा पहिला प्रश्न होता. श्रवणयंत्र येईपर्यंत वेळ होता, म्हणून मी आईला आणि प्लेग्रुपच्या बाईंना एकेक वही करायला सांगितली. तीन रकाने : आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर आपण काय केलं. बाईंना सुरुवातीला ते जड गेलं, पण त्यांनी फार प्रामाणिकपणे लिहिलं, आणि खरी चावी त्यांच्याच वहीत सापडली.

चावण्याच्या जवळजवळ सगळ्या नोंदी खाऊच्या वेळेनंतरच्या होत्या. तेव्हा मुलं एकदम उठतात, पत्र्याच्या छताखाली एकच कल्ला होतो आणि कोणीतरी छोटूच्या पाठीमागून येऊन खेळणं ओढतं. ऐकू येणाऱ्या मुलाला मागून येणाऱ्याची चाहूल लागते, 'दे ना' ऐकू येतं, एखादा क्षण मिळतो. छोटूच्या हातातली वस्तू मात्र आधी काही न कळता अचानक नाहीशी होत होती. आणि 'माझं आहे' म्हणायला त्याच्याकडे काही नव्हतं.

किंचाळण्याच्या नोंदी घरच्या वहीत होत्या, बहुतेक संध्याकाळच्या. वडील टेम्पो घेऊन पुन्हा निघायचे. आई सांगायची, "बाबा येतायत हं लगेच." हे वाक्य त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्याला दिसायचं ते एवढंच की बाबा चप्पल घालतात आणि नाहीसे होतात. कधी पाच मिनिटांनी येतात, कधी रात्री, कधी तो झोपल्यावर. 'थांब', 'नंतर', 'उद्या' ही मुलाला धीर देणारी भाषा असते. ती नसली की प्रत्येक निरोप कायमचा वाटू शकतो. रात्रीचं रडणंही त्यातलंच. दिवा मालवला की त्याचा आई घरात असल्याचा एकमेव पुरावा जायचा.

म्हणून पहिले उपाय यंत्राआधीचे होते. मोबाइलवर फोटो काढून ते छापून घेतले : टेम्पो, बाजार, बाबांची चप्पल, जेवणाचं ताट, अंथरूण. बाहेर पडण्याआधी टेम्पोचा फोटो दाखवायचा, परतल्यावर तोच फोटो त्याच्या हातानं भिंतीवरून काढून डब्यात टाकायचा. हाक मारण्याआधी समोर यायचं किंवा खांद्याला हलकेच हात लावायचा. रात्री बारीक दिवा चालू ठेवायचा. आणि पाच-सहा खुणा, घरातल्या सगळ्यांनी सारख्याच करायच्या : दे, आणखी, झालं, नको, माझं, थांब. प्लेग्रुपमध्ये बाईंनी त्याची जागा भिंतीला पाठ लागेल अशी बदलली. एवढ्यानंच चावण्याच्या नोंदी विरळ झाल्या. तोवर त्याच्या कानात काहीही घातलेलं नव्हतं.

खुणांवरून आत्यानं हरकत घेतली की मग तो बोलायचं शिकणारच नाही. ही भीती बऱ्याच शिकलेल्या पालकांनाही वाटते. खुणा केल्यानं बोलणं अडतं, याला आधार नाही. शब्द नाही म्हणून आज दुसऱ्याला चावणाऱ्या मुलाला आजच काहीतरी द्यायला हवं. शब्द आले की खूण आपोआप मागे पडते, किंवा सोबत राहते. राहिली तर त्यात बिघडत काहीच नाही.

यंत्र लागल्यावर

मार्चमध्ये, दोन वर्षं पाच महिन्यांचा असताना, दोन्ही कानांमागे श्रवणयंत्रं लागली. घरात त्याला सगळे मशीन म्हणतात. कानात बसणारे मऊ साचे, आणि यंत्र पडू नये म्हणून शर्टाला अडकवायची दोरी.

पालकांना वाटतं, यंत्र लागलं की मूल शांत होईल. छोटू आधी बिघडला. कुकरची शिट्टी झाली की आईच्या पायाला मिठी, मिक्सर लागला की दोन्ही हात कानांवर, यंत्र ओढून फेकणं. आजी म्हणाल्या, "होतं तेच बरं होतं." मी त्यांना सांगितलं की आजी, हा घाबरतोय म्हणजे त्याला काहीतरी नवं मिळतंय. मग आवाज येण्याआधी तो दाखवायचा, असा नियम केला. मिक्सर लावण्याआधी आई मिक्सरकडे बोट दाखवायची, मग कानाकडे, मग बटण. काही दिवसांनी बटण दाबायचं काम त्याच्याकडे आलं आणि भीती गेली. यंत्र लावायची वेळही बदलली. डब्यांच्या धांदलीत न लावता, आंघोळीनंतर आजी मांडीवर घेऊन खेळवायच्या तेव्हा. आधी थोडा वेळ, मग वाढवत. सुरुवातीला घरचे 'दिवसभर असतं' म्हणायचे, पण यंत्राच्या आतल्या नोंदीत सरासरी अडीच तास निघाली. भांडण न करता आम्ही तो आकडा वहीत लिहिला आणि पुढच्या भेटीपर्यंत वाढवायचं ठरवलं. आता तो नऊ तासांच्या वर आहे.

यंत्रानं कान दुरुस्त होत नाही, हे वारंवार सांगावं लागतं. आवाज जवळून, साधारण हातभर अंतरावरून आला तरच त्याचा पुरता उपयोग होतो. अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे 6 डेसिबलनं पडतो, आणि मधे पंखा, टीव्ही, रस्ता असतोच. म्हणून बोलताना टीव्ही बंद. भाषा घरचीच, मराठी. प्लेग्रुपनं इंग्रजी सुचवलं होतं. मी नाही म्हटलं. आजी दिवसभर त्याच्याशी जे बोलतात ते त्याच्या मेंदूचं खाणं आहे, आणि आजी ते मराठीतच बोलणार.

कानात तेल घालणं पूर्ण बंद. बटणासारख्या बॅटऱ्या मुलाच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी, कारण गिळली तर ती तातडीची वेळ असते. रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत.

या डबीचं महत्त्व जुलैत कळलं. दोन दिवस छोटू पुन्हा चावला, हाकेला बघेना. बाईंनी काळजीनं कळवलं की जुनं वागणं परत आलं. यंत्र आणायला सांगितलं. साच्याच्या पारदर्शक नळीत पाण्याचा एक थेंब अडकलेला होता, पावसाळ्याच्या दमटपणाचा. तो नळीत आडवा बसला की आवाज पुढे जातच नाही. थेंब फुंकून काढला, दुसऱ्या दिवशी मुलगा पूर्ववत. तेव्हापासून आई रोज सकाळी म, ऊ, आ, ई, श, स हे सहा ध्वनी तोंडासमोर हात धरून काढते आणि त्याला कोणते कळतात ते बघते. डॅनियल लिंग यांची ही तपासणी आहे, तिला मिनिटभर लागतं. वागणं अचानक बिघडलं तर आधी बॅटरी, नळी, साचा. मग बाकीचं. गणपतीत ढोल-ताशाच्या पथकापासून लांब उभं राहायचं, जवळून मिरवणूक गेली तर यंत्र काढून ठेवायचं, हेही ठरलं होतं.

दया आली तेव्हा

निदानानंतर घरातला वारा उलटा फिरला. आधी जो मार खात होता त्याला आता कोणी काहीच म्हणेना. सोनूला चावला तर 'जाऊ दे, बिचाऱ्याला ऐकू येत नाही'. ताट फेकलं तर दुसरं वाढलं. मला ही पायरी मारापेक्षा कमी काळजीची वाटत नाही. मुलाला ऐकू येत नसलं तरी चेहरा वाचता येतो, आणि सगळे चेहरे सारखेच हसरे असतील तर त्याला कशाचीच सीमा कळत नाही.

वडिलांशी यावर मोकळं बोलणं झालं. ठरलं ते असं : चावलं की लगेच, त्याच जागी, त्याच्या उंचीवर बसून, चेहरा गंभीर, मान हलवून 'नको'ची खूण आणि शब्द. खेळणं परत ज्याचं त्याला. मग लगेच 'दे'ची खूण करून कसं मागायचं ते दाखवायचं. घरातल्या चौघांचं उत्तर एकच. लांबलचक समजावणं नाही, मार तर नाहीच. आजींना हे कठीण गेलं, पण त्याच सर्वांत नेमानं करू लागल्या.

आजची स्थिती

छोटू आता तीन वर्षं एक महिन्याचा आहे. यंत्र लागून आठ महिने झाले, म्हणजे ऐकण्याचं त्याचं वय आठ महिने. त्याला चाळीसच्या आसपास शब्द येतात. 'बाबा भूर', 'आजी दे' अशी जोडवाक्यं नुकतीच सुरू झाली आहेत. चावणं गेल्या दोन महिन्यांच्या वहीत नाही. आदळआपट आहे, पण ती तीन वर्षांच्या कुठल्याही मुलाइतकी. डॉक्टरांनी ऑटिझमसाठी पुन्हा सविस्तर तपासलं आणि तो प्रश्न आता बंद केला. एका जागी लक्ष टिकवणं अजून कमी आहे. त्याचं कारण ऐकण्याचा थकवा आहे की आणखी काही, हे बघायला वेळ द्यावा लागेल.

सहा ध्वनींपैकी म, ऊ, आ, ई त्याला नक्की कळतात. श कधी कधी. स अजिबात नाही. साचे नवे करून आणि यंत्राची जुळणी दोनदा बदलूनही वरच्या पट्टीत पुरेसा आवाज पोचत नाही. म्हणून कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेनं आतल्या कानात बसवून मज्जातंतूला थेट संकेत देणाऱ्या उपकरणाचा, विचार सुरू केला आहे. लहान मुलांसाठी केंद्र सरकारच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून मदत मिळते. त्यात वयाची मर्यादा असते, त्यामुळे हा विचार लांबवून चालणार नाही. उलट बाजूही आहे. खालच्या पट्टीतलं जे नैसर्गिक ऐकणं त्याच्याकडे आहे, ते शस्त्रक्रियेत काही अंशी जाऊ शकतं. मी पालकांना दोन्ही बाजू मांडल्या आहेत आणि इम्प्लांट झालेल्या मुलांच्या दोन कुटुंबांशी भेट घडवली आहे. वडील शस्त्रक्रियेच्या बाजूचे आहेत, आई अजून विचार करते आहे.

स्कॅन, डोळ्यांची तपासणी आणि तोलाची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. न्यूमोकोकलची लस राहिली होती, ती देऊन झाली. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज भरला आहे. आईला पुन्हा दिवस गेले आहेत. या बाळाची बेरा पहिल्या महिन्यातच करायची, असं तिनं स्वतःच छोटूच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आहे.